तिकीट काढून राबणारी माणसं

रात्री दोन ते चार, रिकाम्या बाटल्या निवडणे : माणसं हवीत चार, मिळाली एक. दुपारी तीन ते पाच, कोट-जॅकेटं सांभाळणे : हवीत सहा, मिळाली सहा. संध्याकाळी सव्वासात, मोठ्या सभागृहात वक्त्याची ओळख करून देणे : हवा एक, तो कधीच मिळालेला. फोनच्या पडद्यावर अशा ओळींमागून ओळी सरकत राहतात. कोणी नाव काढून घेतं, लगेच दुसरं कोणी तिथे नाव घालतं. हांबुर्गच्या काँग्रेस सेंटरमध्ये चार दिवस अहोरात्र चालणारा एक अवाढव्य मेळा या ओळींच्या जिवावर पार पडतो. बाटल्या निवडणाऱ्याला एक पैसा मिळत नाही. उलट दारातून आत येण्यासाठी त्यानं पदरचे पैसे घालून तिकीट काढलेलं असतं.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय एका शब्दात कळवला : ‘बिनपगारी’. या विषयात चीड यावी असं पुष्कळ आहे. घरकाम आहे, आशाताईंचं तुटपुंजं मानधन आहे, ‘अनुभव मिळेल’ म्हणून फुकट राबवली जाणारी शिकाऊ पोरं आहेत. त्यावर माझ्याहून चांगलं लिहिणारे या अंकात असतील. माझ्या डोक्यात घोळत होती ती वेगळी माणसं. जी मागे लागून काम मागतात, ज्यांना कोणी सक्ती केलेली नाही, आणि जी पैसे घेत तर नाहीतच, देतात. माझी भाची हांबुर्गला शिकते. आदल्या वर्षी नाताळच्या सुट्टीत ती पुण्याला आली नाही. का, म्हणून विचारलं तर फोनवर म्हणाली, ‘‘आत्या, मी ड्युट्या लावून घेतल्यात.’’ भावाला वाटलं, पोरीला नोकरी लागली. ती कोणाचे तरी कोट खुंटीला अडकवत होती. मग २०२४ च्या डिसेंबरात मीच गेले.

सुट्टीतले भाकड चार दिवस

‘केऑस कम्प्युटर क्लब’ ही जर्मनीतल्या हॅकर मंडळींची संघटना. १२ सप्टेंबर १९८१ ला बर्लिनमध्ये ‘टात्स’ या डाव्या वळणाच्या दैनिकाच्या कचेरीत काही जण एका टेबलाभोवती बसले, तिथून ती सुरू झाली. तिचं नाव घरोघर पोचलं ते १९८४ मध्ये. जर्मन टपाल खात्यानं ‘बिल्डशिर्मटेक्स्ट’ नावाची सेवा काढली होती : टीव्हीच्या पडद्यावर माहितीची पानं, काही पानं उघडायला पैसे. ही सेवा सुरक्षित आहे असं खातं ठासून सांगत होतं. क्लबाच्या लोकांनी हांबुर्गच्या बचत बँकेच्या नावानं आत शिरून आपलंच पैसे लागणारं पान रात्रभर पुन्हापुन्हा उघडलं. उजाडेपर्यंत बँकेच्या नावावर सुमारे १ लाख ३५ हजार मार्कांचं देणं चढलं होतं. त्यांनी ते पैसे ठेवले नाहीत, पत्रकारांना बोलावून सगळी करामत उघड सांगितली.

त्याच वर्षी डिसेंबरात हांबुर्गच्या आयडेलश्टेट भागातल्या नागरिक-भवनात पहिली ‘केऑस कम्युनिकेशन काँग्रेस’ भरली. नाताळ आटोपलेला, नवं वर्ष यायचंय, कचेऱ्या बंद, नातेवाइकांचा कंटाळा आलेला, अशा दिवसांत ती भरते ती आजतागायत. आता तारखा ठरलेल्या : २७ ते ३० डिसेंबर. मधे ती बर्लिनला गेली, २०१२ मध्ये हांबुर्गला परतली, इथल्या काँग्रेस सेंटरची डागडुजी निघाली तेव्हा २०१७ ते २०१९ लाइपझिगच्या प्रदर्शन-मैदानावर भरली. तिथे गर्दी सतरा हजारांच्या घरात गेली होती. करोनाच्या दोन वर्षांत ती ऑनलाइन झाली, २०२२ मध्ये भरलीच नाही, २०२३ मध्ये पुन्हा हांबुर्गला आली. मी गेले ती अडतिसावी.

डामटोर स्टेशनातून बाहेर पडलं की लागूनच ही इमारत. त्या दिवसांत हांबुर्गला दुपारी चारला सूर्य मावळतो, त्यामुळे आतला झगमगाट जास्तच डोळ्यांत भरतो. भिंतींवर रंगीत दिवे, कोपऱ्यात क्लबाचं मानचिन्ह असलेलं उंच रॉकेट, टेबलांवर डाग द्यायच्या सोल्डरिंग गन, कुलूप किल्लीविना उघडायला शिकवणारी मंडळी, शेपट्या आणि शिंगं लावलेले तरुण, कॉमिक्समधल्या पोशाखातल्या आज्या, लहान मुलांसाठी वेगळा कोपरा. सभागृहात सरकारी पाळतीपासून उपग्रहांपर्यंत कशावरही व्याख्यानं. विज्ञानकथांचे चाहते आणि तंत्रज्ञ यांच्यातली भिंत इथे फार पूर्वीच पडलेली आहे; तीच माणसं दोन्ही आहेत. फोटो काढायचा तर चौकटीत येणाऱ्या प्रत्येकाची परवानगी घ्यायची, हा नियम इथे मनापासून पाळतात. गळ्यातल्या पट्टीवर लोक टोपणनावं लावतात. त्यामुळे या लेखात कोणाचंही नाव नाही. मला ते कळलंच नाही आणि कळून घेणं शिष्टाचाराला धरून नव्हतं.

या चार दिवसांसाठी इमारतीत स्वतःचं इंटरनेट जाळं टाकलं जातं, स्वतःचं टेलिफोन एक्स्चेंज उभं राहतं, घरून आणलेले कॉर्डलेस फोन लोक त्यावर जोडून घेतात, व्याख्यानांचं थेट प्रक्षेपण होतं आणि ध्वनिचित्रफिती कायमच्या जपल्या जातात. एका वर्षी, २०१३ मध्ये, मंडळींनी पाणी निचऱ्याचे नळ इमारतभर फिरवून, त्यांना व्हॅक्युम क्लीनर जोडून हवेच्या दाबावर चिठ्ठ्या पाठवणारं टपाल खातं उभारलं होतं. गरज काय होती? काहीच नाही.

‘हेवन’मध्ये नाव लावणे

इथल्या स्वयंसेवकाला ‘एंजल’ म्हणतात आणि त्यांच्या कचेरीला ‘हेवन’. नाव कोणी दिलं, का दिलं यावर दोन वेगळ्या माणसांनी मला दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. ते बाजूला ठेवू. नोंदणी कशी होते ते पाहण्यासारखं आहे.

सगळा कारभार ‘एंगेलझिस्टेम’ नावाच्या एका संगणक-प्रणालीवर चालतो. ती मंडळींनीच लिहिलेली, तिचा कोड कोणालाही फुकट उघडा. घरबसल्या खातं काढायचं. खरं नाव लागत नाही, टोपणनाव पुरतं. मग विचारतात टी-शर्टाचं माप, कोणत्या दिवशी पोचणार, कॉर्डलेसचा नंबर. यानंतरचे प्रश्न मला फार आवडले. गाडी चालवता येते का? साडेतीन टनांपर्यंत की बारा टनांपर्यंत? फोर्कलिफ्ट चालवण्याचा परवाना आहे का? अन्नपदार्थ हाताळण्यासाठी जर्मन कायद्यानं लागणारं आरोग्य-शिक्षणाचं प्रमाणपत्र आहे का? छंद, आवड, ‘तुम्हाला स्वयंसेवक का व्हावंसं वाटतं’ यातलं काहीही नाही. त्या शेवटच्या प्रश्नाची उत्तरं आपल्याकडच्या अर्जांतून मी ढिगानं वाचलेली आहेत आणि त्यांतल्या एकाही उत्तरावरून माणूस येईल की नाही हे कळत नाही.

खातं काढलं म्हणजे काम मिळालं असं मात्र नाही. आधी मेळ्याच्या जागी येऊन हेवनच्या टेबलासमोर उभं राहायचं. तिथला माणूस तुमचं टोपणनाव शोधतो आणि ‘पोचला’ अशी खूण करतो. ती खूण झाल्याशिवाय पाळ्यांवर नाव घालता येत नाही. एवढ्या एका पायरीनं काय साधतं ते ज्यानं कधी संमेलनाच्या स्वागत समितीत काम केलंय त्याला लगेच उमगेल. उत्साहाच्या भरात नाव दिलेले, मित्रानं परस्पर नाव घातलेले, ऐन दिवशी ताप आलेले सगळे इथे आपोआप गळतात, कोणाला फोन करून विचारावं लागत नाही. पाळ्यांच्या तक्त्यावर दिसणारं प्रत्येक नाव त्या इमारतीत दोन पायांवर हिंडत असतं.

बाकीचे नियमही असेच कोरडे आणि नेमके. प्रणालीच्या मूळ मांडणीत पाळी सुरू व्हायला तीन तास उरेपर्यंत नाव मागे घेता येतं, त्यानंतर नाही. नाव घालून आला नाहीत तर त्या पाळीचे तास तुमच्या खात्यातून दुपटीनं वजा होतात. असं दोनदा झालं की नवीन पाळी घेता येत नाही, हेवनमध्ये जाऊन बोलावं लागतं. पहाटेच्या पाळ्यांचे तास दुप्पट धरले जातात. तासांच्या बदल्यात मिळतं ते असं : एंजलांच्या स्वयंपाकघरात गरम शाकाहारी जेवण, बसायला जागा, आणि पुरेसे तास भरले तर त्या वर्षीचा एंजलांचा टी-शर्ट. मी पाहिलं, लोक दहा वर्षांपूर्वीचे विटके टी-शर्ट घालून आलेले होते. नवा घालून मिरवण्यापेक्षा जुना घालून मिरवण्यात जास्त भाव होता.

टेबलामागच्या बाईंनी माझी खूण केली, वर पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला तो जेवण झालं का, हा.

बाटल्या

मी दोन ते चारची बाटल्यांची पाळी घेतली. जागरण जमतं आणि जर्मन येत नाही, दोन्ही दृष्टींनी ते काम सोयीचं होतं.

या मेळ्याचं ठरलेलं पेय म्हणजे ‘क्लब-माटे’ : दक्षिण अमेरिकेतल्या माटे पानांच्या अर्काचं, फसफसणारं, कॅफिनवालं. बव्हेरियातल्या एका छोट्या गावातली दारूभट्टी ते बनवते. अर्ध्या लिटरच्या काचेच्या बाटल्या, वीस बाटल्यांचा क्रेट. जर्मनीत बाटलीची अनामत असते : माटेच्या बाटलीला १५ सेंट, बिअरच्या बाटलीला बहुधा ८, एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीला २५. त्यामुळे रिकामी बाटली ही कचरा नसते, परत करायची वस्तू असते, आणि ती योग्य क्रेटमध्ये गेली तरच परत जाते. रात्री दोनच्या सुमाराला हजारो माणसांनी प्यायलेल्या बाटल्या जिन्याच्या कडेला, खांबांच्या मागे, गाद्यांच्या ढिगाशेजारी उभ्या असतात.

आम्ही चौघं जमलो. पाळी सुरू होताना तक्त्यावर एक नाव होतं ते केव्हा चार झालं, मला कळलं नाही. त्या विभागाच्या माणसानं आम्हाला काम समजावून सांगायला फार तर दोन मिनिटं घेतली. हातमोजे इथे, ट्रॉली इथे, माटे या क्रेटात, बिअर त्या, ज्यात सिगारेटची थोटकं आहेत त्या बाजूला, फुटलेल्याला हात लावू नका, मला बोलवा, मालवाहू लिफ्ट त्या दाराआड. संपलं. मी पुढे ज्या-ज्या विभागांत डोकावले तिथे हीच लकब दिसली. दोन मिनिटांत सांगता येत नाही ते काम पाळीवर टाकत नाहीत. आधी ते फोडतात, सोपा तुकडा एंजलांना देतात, अवघड तुकडा माहीतगार माणसाकडे ठेवतात. हे फोडण्याचं काम कोणीतरी महिनोन् महिने आधी बसून केलेलं असतं. स्वयंसेवक मिळवण्याची सगळी हिकमत मला तिथे दिसली, आवाहनाच्या भित्तीपत्रकात नाही. काम एवढं लहान आणि एवढं स्पष्ट करून ठेवायचं की रात्री दोनला, कोणालाही न ओळखणाऱ्या, भाषा न येणाऱ्या बाईला ‘हे मला जमेल’ असं वाटावं.

हात चिकट होतात. पाठ भरून येते. क्रेट भरला की मात्र विसाच्या विसा बाटल्यांची बुचाविना तोंडं एका पातळीत दिसतात आणि माणसाला उगाच बरं वाटतं. आमच्यातल्या एकाच्या कमरेला लावलेला कॉर्डलेस दर थोड्या वेळानं वाजायचा. त्याला कोणीतरी तिसऱ्या मजल्यावर क्रेट साचल्याचं कळवत होतं. चारला पुढच्या पाळीची माणसं आली तेव्हा आमची ट्रॉली अर्धी भरलेली होती. ती तशीच त्यांच्या हाती देऊन निघायचं. ‘एवढं संपवून जाते’ म्हणून मी रेंगाळले तर विभागाच्या माणसानं मला जवळजवळ हाकललं. तुम्ही थांबलात तर पुढच्या पाळीला वाटतं आपली गरज नाही, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडे जो थांबतो तो कार्यकर्ता खरा मानला जातो. त्याचा हिशेब मला घरी येईपर्यंत पुरला.

चाहत्यांची जुनी रीत

पैसे भरून राबण्याची ही पद्धत हॅकर लोकांनी शोधलेली नाही. विज्ञानकथांच्या चाहत्यांनी ती कितीतरी आधी पाडली. १९३७ च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या लीड्स शहरी मूठभर चाहते जमले, १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिलं विश्वसंमेलन, म्हणजे ‘वर्ल्डकॉन’, भरलं. मोठ्या युद्धातली काही वर्षं सोडली तर ते दरवर्षी भरत आलंय, दर वेळी वेगळ्या शहरात, त्या-त्या ठिकाणच्या चाहत्यांनी चालवलेलं. तिथे तिकीट विकत नाहीत, सभासदत्व विकतात. अध्यक्षही सभासदत्व विकत घेतो, दारावरचा पोरगाही. संमेलन आटोपल्यावर पैसे उरले तर राबलेल्यांची वर्गणी परत करण्याचा प्रघात आहे. उरले नाहीत तर नाही. अमेरिकेत ऐन वेळी हाताशी येणाऱ्या मदतनिसांना ‘गोफर’ म्हणतात, हे आण, ते नेऊन दे, अशी कामं करणारे. इंग्लंडातल्या संमेलनांत तासांच्या बदल्यात ‘ग्रोट’ नावाची खोटी चलनी नाणी-नोटा देत. त्या संमेलनाच्या बारमध्ये किंवा पुस्तकांच्या टेबलांवर चालत. पगार नव्हे, पण हातात काहीतरी पडलं असं वाटावं एवढं.

तोक्योच्या ‘कॉमिकेट’नं यात सगळ्यात पुढचं पाऊल टाकलं असं मला वाटतं. २१ डिसेंबर १९७५ ला स्वतः काढलेली कॉमिक्स विकणारे ३२ गट आणि सातशेच्या आसपास माणसं एवढ्यावर ते सुरू झालं. आज ते लाखोंचं झालंय. तिथला नियम असा की इथे ‘ग्राहक’ कोणी नाही. विकणारा, घेणारा आणि रांगा लावणारा बिनपगारी कर्मचारी, तिघंही सहभागी. हे ऐकायला गोड वाटतं, पण त्याचा रोकडा उपयोग आहे. भर उन्हाळ्यात तासन् तास रांगेत उभ्या असलेल्या माणसाला जेव्हा मागे सरकायला सांगितलं जातं, तेव्हा सांगणारा त्याचा नोकर नसतो. ग्राहक भांडतो, सहभागी माणूस सरकतो.

हांबुर्गला मला हेच दिसलं. कोटांच्या खोलीपाशी रांग वाढली की रांगेतलाच कोणीतरी काउंटरमागे जाऊन उभा राहायचा. काल तो तिथेच होता, त्याला खुंट्यांची मांडणी ठाऊक होती.

‘माइक क्रमांक दोन’

बाटल्या कोणीही निवडेल. अवघड कामांना माणूस कसा मिळतो?

व्याख्यान सुरू होण्याआधी मंचावर जो येतो तो ‘हेरल्ड’. वक्त्याची ओळख करून द्यायची, वेळ सांभाळायची, शेवटी प्रश्नोत्तरं चालवायची. सभागृहात ठिकठिकाणी क्रमांक लावलेले माइक उभे असतात, प्रत्येकाजवळ एक एंजल. हेरल्ड ‘माइक क्रमांक दोन’ म्हणाला की तिथला माणूस विचारतो. एक ‘सिग्नल एंजल’ लॅपटॉप घेऊन बसलेला असतो. घरून प्रक्षेपण पाहणाऱ्यांचे प्रश्न तो वाचून दाखवतो. काचेच्या खोलीत दुभाषे, जर्मन व्याख्यान इंग्रजीत आणि इंग्रजी जर्मनमध्ये, जोडीजोडीनं, एक थकला की दुसरा. हे सगळे हौशी आहेत हे लक्षात आल्यावर मी एक पूर्ण व्याख्यान वक्त्याकडे न बघता त्या खोलीकडे बघत काढलं. दुभाषा मुलगी हातवारे करत होती, जणू समोरचा माणूस तिला ऐकून समजेल. दहा मिनिटांनी तिनं मान हलवली, जोडीदारानं वाक्य मधूनच उचललं, ऐकणाऱ्यांना फक्त आवाज बदललेला कळला.

या कामांना थेट नाव घालता येत नाही. आधी त्या विभागाच्या परिचय-बैठकीला जावं लागतं, मग तिथला जबाबदार माणूस प्रणालीत तुमच्यापुढे खूण करतो, आणि त्या कामाच्या पाळ्या तुम्हाला खुल्या होतात. प्रथमोपचाराच्या तुकडीला, बारला, सुरक्षेला असंच. म्हणजे एक दार सगळ्यांना उघडं आणि आत गेल्यावर काही दारांना कडी. माझी भाची आदल्या वर्षी कोटांपासून सुरू झाली, मी गेले त्या वर्षी ती माइकपाशी उभी होती. पुढे हेरल्ड व्हायचंय म्हणते. तिच्या इंग्रजीची मला काळजी नाही, पण ती वेळ पाळेल यावर माझा विश्वास बसत नाही.

नवख्यांना, विशेषतः मुलींना, एवढ्या गर्दीत बुजल्यासारखं होऊ नये म्हणून अनुभवी माणसाशी गाठ घालून देणारीही एक मंडळी आहे. पण मुली अजून कमीच दिसतात.

तासांत न मावणारं काम

आता जे तक्त्यावर दिसत नाही त्याबद्दल.

बाटल्यांच्या विभागातल्या माणसाची पाळी चारला संपली नाही. ती सुरूही कधी झाली होती, सांगता येत नाही. क्रेट कुठून येणार, परत कोण नेणार, ट्रॉल्या किती, लिफ्टची परवानगी कोणाकडून, हे सगळं त्यानं उन्हाळ्यापासून पाहिलेलं होतं. दिवाबत्ती, नेटवर्क, टेलिफोन, चित्रीकरण, मालवाहतूक, प्रत्येकाची एक तुकडी. प्रत्येक तुकडीत अशी दोन-चार माणसं, जी वर्षभर या चार दिवसांत जगतात. त्यांच्या कामाला दोन तासांची ओळ नाही. त्यांना कोणी दुप्पट तास लावत नाही. ते न आले तर वजाही होत नाहीत, फक्त त्या तुकडीचा खेळ खलास होतो.

जिथे-जिथे मी हा प्रश्न काढला तिथे तोच सूर ऐकू आला. पाळीला माणसं मिळतात, धुरा घ्यायला मिळत नाहीत. लाइपझिगचा शेवटचा मेळा आणि हांबुर्गला परतल्यावरचा पहिला यांच्यात चार वर्षांची खिंड पडली. त्यात लोकांना मुलं झाली, नोकऱ्या बदलल्या, कंटाळा आला. जे डोक्यात होतं आणि कागदावर नव्हतं, ते त्यांच्याबरोबर गेलं. तेव्हापासून काही तुकड्या सगळं लिहून ठेवू लागल्या आहेत आणि काही अजूनही ‘तो येईल, त्याला माहितीये’ यावर चालतात. कुठल्या कुठली ते दारातच कळतं.

दुसरा खिळा मला जास्त टोचला. राबणाऱ्यालाही तिकीट हे तत्त्व देखणं आहे, पण तिकीट, रेल्वेभाडं, हांबुर्गमधली राहण्याची सोय आणि सुट्टी यांची बेरीज करा. हे परवडणारा माणूसच बिनपगारी राबू शकतो. रात्री दोनला माझ्यासोबत बाटल्या निवडणाऱ्यांना दिवसा कशाचे पैसे मिळतात हे मी विचारलं नाही, पण चांगले मिळत असणार. त्याच इमारतीत, त्याच रात्री, स्वच्छतागृहं साफ करणारी माणसं पगारी होती. त्यांच्या अंगावर एंजलांचा टी-शर्ट नव्हता आणि त्यांना टोपणनाव लावायची मुभाही नसावी. बाटली निवडणं हा काहींचा सुट्टीतला खेळ असू शकतो, कारण ते काम उद्या त्यांच्या गळ्यात पडणार नसतं. पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक बायका रोज बाटल्या वेगळ्या करतात आणि त्या कष्टाचं मोल मिळावं, ते काम म्हणून ओळखलं जावं यासाठी वर्षानुवर्षं भांडत आल्या आहेत. दोन्ही ठिकाणी हात तितकेच चिकट होतात.

शेवटच्या दिवशी एक व्याख्यान असतं, त्यात प्रत्येक तुकडी मंचावर येऊन आपला हिशेब मांडते : नेटवर्कवर किती डेटा वाहिला, किती फोन लागले, एंजलांचे एकूण तास किती. आकडा पडद्यावर आला की सभागृह टाळ्या वाजवतं, शिट्ट्या मारतं. बाटल्यांच्या तुकडीलाही तेवढ्याच. आणि मग सगळ्यात कठीण भरती सुरू होते, कारण मेळा संपलेला असतो, गाड्यांच्या वेळा झालेल्या असतात आणि इमारतभर पसरलेल्या केबली गुंडाळायच्या असतात. मंचावरून विनवण्या होतात. बरेच जण निघून जातात. जे थांबतात ते बहुतेक तेच, जे सगळ्यात आधी आले होते.

इकडे

परतल्यावर पुण्यातल्या एका कॉलेजातल्या मुलांना भेटले. रोबो, गेमिंग आणि कॉमिक्स असा एक मेळा त्यांना भरवायचाय. आपल्याकडे हे नवं नाही. मुंबईच्या आयआयटीतला ‘टेकफेस्ट’ १९९८ पासून विद्यार्थीच चालवतात. पायथन भाषा वापरणाऱ्यांची ‘पायकॉन इंडिया’ २०११ मध्ये पुण्यात भरली होती. मुंबई-पुण्यात ‘वर्डकॅम्प’ नावाचे तंत्रमेळे होतात, त्यांत आयोजक, वक्ते, स्वयंसेवक, कोणालाच मानधन नसतं, स्वयंसेवकाला तिकीट तेवढं माफ असतं. आणि गणपती मंडळं आहेतच. मांडव, वर्गणी, मिरवणूक, वाहतूक, रक्तदान, सगळं बिनपगारी, आणि तेही अर्ज न भरता. मंडळातला मुलगा मात्र मंडळाचा असतो, गल्लीचा असतो. अनोळखी माणसाला तिथे दोन तासांसाठी काम मिळत नाही.

मुलांकडे अर्जांची लांबलचक यादी होती. का व्हायचंय स्वयंसेवक, हा प्रश्न अर्जात पहिला. बदल्यात प्रमाणपत्र. मी त्यांना ‘पोचला’ची खूण सांगितली, ती त्यांनी तिथल्या तिथे लिहून घेतली. दुपटीनं वजा होणारे तास ऐकून हसले. तिकिटाचं सांगितल्यावर मात्र कडाडून विरोध झाला. इथे पोरं फुकट येत नाहीत, पैसे भरून कोण येणार, असं एकाचं म्हणणं. संयोजक मुलीचा मुद्दा वेगळा होता. ती म्हणाली, मागच्या वर्षी ती सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत नोंदणीच्या टेबलावर बसून होती आणि तिनं मेळा पाहिलाच नाही. असं होणार असेल तर तिकीट तर सोडाच, तिला उलट पैसे द्यायला हवे होते. मी दोन तासांच्या पाळ्यांचं सांगितलं. ते सगळ्यांना पटलं, आणि पटल्याबरोबर प्रश्न आला की मग एवढ्या पाळ्यांचा तक्ता कोण सांभाळणार. सगळ्यांनी खिडकीशी बसलेल्या एका मुलाकडे पाहिलं. तो आधी ‘नाही’ म्हणाला. मग म्हणाला, ‘‘करतो, पण एकटा नाही. अजून दोघं द्या, आणि त्यांची नावं आत्ता लिहा.’’

दोन नावांवर वाद सुरू झाला. मी निघाले तेव्हा पहिलं ठरलं होतं.